विजेच्या करारातली जोखीम कुणाच्या गळ्यात?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रकल्प खासगी कंपनीने उभारायचा, वीज सरकारी वितरण कंपनीने घ्यायची आणि पैसा बँकांनी पुरवायचा, अशा व्यवस्थेबद्दल या खेपेला बरीच पत्रे आली. काही एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाबद्दल होती, काही गावच्या उपकेंद्राशेजारी येऊ घातलेल्या सौर प्रकल्पांबद्दल. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

शंभर कोटींच्या वीज प्रकल्पात कंपनीचे स्वतःचे पैसे पंचवीस-तीस कोटीच असतात म्हणे. मग बँक उरलेले पैसे कशाच्या भरवशावर देते?
(अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, सांगली)

मुख्यतः वीज खरेदी कराराच्या भरवशावर. अशा प्रकल्पासाठी एक स्वतंत्र कंपनी काढली जाते. तिच्याकडे त्या एका प्रकल्पाशिवाय दुसरे काहीही नसते. कर्ज या कंपनीच्या नावावर असते आणि ते फिटायचे ते प्रकल्पाच्या उत्पन्नातूनच. मूळ प्रवर्तकाच्या इतर धंद्यांवर बँकेचा हक्क मर्यादित असतो, काही वेळा अजिबात नसतो. म्हणून बँक कंपनीच्या नावलौकिकापेक्षा कागद बारकाईने वाचते: वीज कोण घेणार, किती वर्षे आणि कोणत्या दराने, उभारणीचे कंत्राट ठरावीक किमतीचे आणि ठरावीक तारखेचे आहे का, इंधन कुठून येणार, जमीन ताब्यात आहे का, वीज वाहून नेणारी लाइन वेळेत तयार होईल का.

प्रकल्पाचे सगळे उत्पन्न एका देखरेखीखालच्या खात्यात जमा होते आणि ठरलेल्या क्रमाने बाहेर पडते. आधी कर, मग इंधन आणि देखभाल, मग व्याज, मग मुद्दल, मग राखीव निधी. यातून काही उरले तरच मालकांना लाभांश. तुम्ही या विषयावर प्रबंध लिहिणार असाल तर या क्रमापासून सुरुवात करा. प्रकल्प अडचणीत आला की कुणाचे पैसे आधी थांबतात हे त्यातून कळते.

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये प्रकल्प कर्जांचे नवे नियम आणले. ते १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. सार्वजनिक-खासगी भागीदारीतल्या पायाभूत प्रकल्पाला कर्ज वितरित करण्यापूर्वी किमान ५० टक्के जमीन उपलब्ध असावी लागते, इतर प्रकल्पांना ७५ टक्के. पूर्वी अर्धवट जमिनीवर कर्ज उचलले जायचे, काम रखडायचे आणि व्याजाचा बोजा प्रकल्पाच्या किमतीत मिसळत राहायचा. त्याला आता काही आळा बसेल.

एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प नेमका कशाने फसला? वीज महाग होती म्हणून, की राजकारणामुळे?
(निवृत्त शिक्षक, चिपळूण)

राजकारण झाले यात शंका नाही. पण १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये तो फेरवाटाघाटीने पुन्हा उभा राहिला आणि मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीजही सुरू झाली. राजकारणाचे धक्के पचवून प्रकल्प चालू झाला होता. तो बुडाला त्यानंतर दोन वर्षांत, आणि त्याची कारणे ८ डिसेंबर १९९३ रोजी सही झालेल्या वीज खरेदी करारातच होती.

पहिले कारण म्हणजे प्रकल्पाची निवड. जून १९९२ मध्ये राज्य वीज मंडळ आणि एन्रॉन यांच्यात सामंजस्य करार झाला तो स्पर्धात्मक निविदा न काढता. १९९३ मध्ये जागतिक बँकेने कर्ज द्यायला नकार दिला. तिचे म्हणणे असे की हा प्रकल्प राज्याच्या गरजेच्या मानाने मोठा आहे, आणि चोवीस तास चालवला तर कोळशावरची स्वस्त वीज बंद ठेवून महाग वीज घ्यावी लागेल. पुढे अक्षरशः तेच झाले.

दुसरे कारण दराची रचना. अशा करारात दराचे दोन भाग असतात. क्षमता आकार हा प्रकल्प तयार ठेवल्याबद्दल द्यायचा, आणि ऊर्जा आकार प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटमागे, म्हणजे मुख्यतः इंधनाचा. दिवसाच्या भाड्याने ठरवलेला टेम्पो दारात नुसता उभा राहिला तरी भाडे चुकत नाही, तसा हा क्षमता आकार. वीज घ्या अथवा न घ्या, तो द्यायचाच. समजा ९० टक्के वीज उचलली तेव्हा क्षमता आकार युनिटमागे २ रुपये ५० पैसे पडतो. उचल ४५ टक्क्यांवर आली की तोच ५ रुपये होतो, आणि ३० टक्क्यांवर आली की ७ रुपये ५० पैसे. त्यावर इंधन वेगळे. (हे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, करारातले नाहीत.) त्यात पहिला टप्पा नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर, चालत होता आणि २००० साली तेल भडकले होते. वीज मंडळ महाग म्हणून कमी उचलणार, कमी उचलल्यामुळे युनिट आणखी महाग होणार, असे चक्र सुरू झाले. ‘एन्रॉनची वीज सात रुपये’ हा त्या काळात ऐकू येणारा आकडा याच चक्रातून आला होता.

तिसरे कारण सर्वांत घातक आणि सर्वांत कमी चर्चिले गेलेले: डॉलर. दराचा मोठा भाग डॉलरला जोडलेला होता. करार झाला तेव्हा डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता, २००१ च्या मध्याला ४७ च्या घरात. वीज मंडळाचे ग्राहक बिल रुपयांत भरत होते आणि दरवाढ सहज मिळत नव्हती. म्हणजे इंधनाच्या भावाची, चलनाची आणि मागणीची, अशा तिन्ही जोखमी वीज मंडळाकडे आल्या, आणि त्यातल्या एकीवरही मंडळाचा ताबा नव्हता.

यावर राज्य सरकारची हमी होती आणि पहिल्या टप्प्यासाठी केंद्राची प्रतिहमीही, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्राने द्यायचे. हमीमुळे कर्ज देणारे निश्चिंत झाले आणि ‘मंडळाला ही वीज परवडेल का’ हा प्रश्न ज्यांनी जोराने विचारायचा त्यांनीच तो विचारला नाही. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. दुसरा टप्पा तेव्हा बहुतांशी बांधून झाला होता. डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. भारतीय वित्तसंस्थांचा पैसा मोठ्या प्रमाणात अडकला, शिवाय काही परदेशी कर्जांनाही त्यांचीच हमी होती. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढून प्रकल्प पुन्हा चालू करावा लागला. त्यानंतर देशी नैसर्गिक वायू आटल्याने २०१३ च्या सुमारास तो पुन्हा थांबला, आणि २०१५ च्या अखेरीपासून रेल्वेला सुमारे ५०० मेगावॅट देऊन पुढे चालला. गुहागर-दाभोळ परिसरातल्या लोकांनी जमिनी दिल्या, आंदोलने केली, लाठ्या खाल्ल्या. एवढी किंमत मोजल्यावर त्या कराराची कलमे तरी आपल्या अभियांत्रिकी आणि वाणिज्य महाविद्यालयांत शिकवली जायला हवीत, असे आम्हाला मनापासून वाटते.

मग सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच प्रकल्प दिला तर हा घोळ होणार नाही ना?
(वाचक, पुणे)

निम्मा टळतो. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६३ नुसार पारदर्शक निविदेतून आलेला दर वीज नियामक आयोग स्वीकारतो. गुजरातमधला मुंद्रा प्रकल्प असाच दिला गेला. ४,००० मेगावॅट, समतल दर (कराराच्या सगळ्या मुदतीचा मिळून सरासरी दर) युनिटला सुमारे २ रुपये २६ पैसे. यातली ७६० मेगावॅट महाराष्ट्राच्या वाट्याची. कोळसा इंडोनेशियातून येणार होता आणि बोलीत कंपनीने इंधनाच्या भाववाढीची बरीचशी जोखीम स्वतःवर घेतली होती. २०१० मध्ये इंडोनेशियाने कोळशाची निर्यात आंतरराष्ट्रीय भावाशी बांधणारा नियम केला आणि सगळे गणित मोडले. परदेशातल्या कायद्यामुळे झालेली भाववाढ करारातल्या ‘कायद्यातील बदल’ किंवा ‘दैवी आपत्ती’ या कलमांत बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला.

दाभोळमध्ये इंधनाची जोखीम खरेदीदाराच्या गळ्यात होती, मुंद्रात उत्पादकाच्या. दोन्हीकडे अडचण आली, कारण कोळशाचा जागतिक भाव दोघांपैकी कुणाच्याच हातात नव्हता. पण निकालानंतर महाराष्ट्राच्या ग्राहकावर तो भार आपोआप आला नाही, हा फरक छोटा नाही. तोट्याने वीज विकणारा उत्पादक संच बंद ठेवतो, हे मात्र दर ठरवतानाच लक्षात घ्यायला हवे.

सिन्नरचा औष्णिक प्रकल्प बांधून तयार असताना वर्षानुवर्षे बंद का राहिला?
(शाखा अभियंता, नाशिक)

अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथे २७० मेगावॅटचे पाच संच आणि सिन्नरलाही २७० चे पाच. समूह एकच, क्षमता सारखीच १,३५० मेगावॅट. अमरावतीच्या प्रकल्पाकडे महावितरणशी १,२०० मेगावॅटचा दीर्घ मुदतीचा करार होता. कर्जाची अडचण तिथेही आली, पण वीज आणि पैसा वाहत असल्याने तडजोड करून मार्ग काढता आला. सिन्नरकडे तसा करार नव्हता आणि कोळसा आणणाऱ्या लोहमार्गाचे कामही अडकले. प्रकरण शेवटी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले.

२००५ ते २०१२ या काळात मागणी वाढतच राहणार या भरवशावर करार नसलेल्या प्रकल्पांनाही कर्जे मिळाली. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने २०१८ मध्ये देशातल्या ३४ अडचणीतल्या औष्णिक प्रकल्पांची यादी मांडली. एकूण क्षमता सुमारे ४०,१३० मेगावॅट, थकीत कर्ज १.७४ लाख कोटी रुपये. संच चांगले असून उपयोग झाला नाही, कारण वीज घेणाराच ठरलेला नव्हता.

आमची सहा एकर जमीन उपकेंद्राजवळ आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या प्रकल्पासाठी कंपनी भाडेपट्टा मागते आहे. काय तपासावे?
(शेतकरी कुटुंब, लातूर जिल्हा)

आधी भाड्याचा हिशेब. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये किंवा मूल्यांकनातल्या जमिनीच्या किमतीच्या ६ टक्के, यातले जे जास्त ते, आणि वर्षाला ३ टक्के वाढ, असे सूत्र आहे. तुमच्या जमिनीचा दर हेक्टरी सुमारे २० लाख ८३ हजारांपेक्षा जास्त असेल तर ६ टक्क्यांचा पर्याय फायद्याचा. सहा एकर म्हणजे २.४३ हेक्टर, म्हणजे १ लाख २५ हजारांच्या दराने पहिल्या वर्षी ३ लाख ४ हजारांच्या आसपास. ३ टक्के वाढ मूळ रकमेवर की चक्रवाढीने, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. हेक्टरी १ लाख २५ हजारांवर पंचविसाव्या वर्षी मूळ रकमेवरच्या वाढीने २ लाख १५ हजार होतात, चक्रवाढीने २ लाख ५४ हजार.

भाडे कोणत्या तारखेपासून सुरू होणार, करारावर सही झाल्यापासून की वीज सुरू झाल्यापासून? आमच्याकडे आलेल्या पत्रांत सर्वाधिक तक्रारी याच्याच. सही होते, कुंपण पडते, पेरणी थांबते, पण कंपनीचे कर्ज मंजूर होईपर्यंत भाडे नाही. ताबा दिल्याच्या दिवसापासून भाडे आणि ठरावीक महिन्यांत काम सुरू न झाल्यास करार रद्द, ही दोन कलमे सोडू नका.

मग कर्जाचे कलम. कंपनी आपला भाडेपट्ट्याचा हक्क बँकेकडे तारण ठेवेल. ते रीतीचे आहे, त्याशिवाय तिला कर्ज मिळणार नाही. पण तुमची मालकी तारण राहता कामा नये आणि तुम्ही जामीनदार म्हणून कुठेही सही करता कामा नये. ‘जमीनमालक कर्जाच्या कागदपत्रांवर आवश्यक त्या सर्व सह्या करतील’ असे मोघम वाक्य असेल तर ते खोडा आणि ‘फक्त भाडेपट्ट्याच्या हक्कापुरते ना-हरकत पत्र’ असे घाला. कर्ज बुडाले तर बँक दुसरी कंपनी आणू शकते. नव्या कंपनीने आधीचे थकलेले भाडेही द्यायचे, हे आताच लिहून घ्या.

सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावे आली आहेत का ते पाहा. एका बहिणीचे नाव राहिले तरी बँकेचा वकील काम थांबवतो. इतर हक्कांत सोसायटीचा बोजा असेल तर तिचे ना-हरकत पत्र घ्या. जमीन भोगवटादार वर्ग-२ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला कायद्याची वेगळी बंधने आहेत, तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कंपनीने करायचा हे लिहा. मुदत संपल्यावर पॅनेल, केबल आणि जमिनीतले खांब काढून जमीन परत देण्यासाठी बँक हमी मागा. पंचवीस वर्षांनी ही कंपनी अस्तित्वात असेलच असे नाही.

पाण्याचेही बोला. पॅनेल धुवायला पाणी लागते. तुमच्या विहिरीचे द्यायचे असेल तर किती आणि कोणत्या महिन्यांत ते ठरवा, नाहीतर एप्रिल-मेमध्ये वाद ठरलेला.

अशाच योजनेत १ मेगावॅटचा प्रकल्प उभारला तर कर्ज फिटेल का? बँक ‘डीएससीआर’ विचारते.
(तरुण कंत्राटदार, अहिल्यानगर)

डीएससीआर म्हणजे हप्ता भरण्यासाठी हाती उरलेली रक्कम भागिले हप्ता. बँकेला तो साधारण १.२ ते १.३ च्या वर हवा असतो. एक ढोबळ गणित करू. आयकर आणि पॅनेलची दरवर्षीची घट बाजूला ठेवली आहे. आकडे तुमच्या जागेप्रमाणे बदला.

खर्च ४ कोटी. १९ टक्के क्षमता वापर (वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला असता तर मिळाली असती त्या विजेच्या १९ टक्के) धरला तर वर्षाला सुमारे १६ लाख ६४ हजार युनिट. ३ रुपये ५ पैसे दराने ५० लाख ७६ हजार रुपये. चार एकरांचे भाडे २ लाख, देखभाल, विमा, राखण आणि धुलाई मिळून ६ लाख. हप्त्यासाठी उरतात ४२ लाख ७६ हजार.

केंद्राच्या कुसुम या शेतीसाठीच्या सौर योजनेचे मेगावॅटला जास्तीत जास्त १ कोटी ५ लाखांचे अनुदान मिळाले तर उरलेल्या २ कोटी ९५ लाखांवर ७० टक्के कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, १५ वर्षे. वार्षिक हप्ता सुमारे २६ लाख ४० हजार. डीएससीआर १.६२. अनुदान नसेल तर कर्ज २ कोटी ८० लाख, हप्ता ३५ लाख ८० हजार आणि डीएससीआर १.१९. म्हणजे अनुदान हाच या गणिताचा कणा आहे. ते बहुधा काम झाल्यावर हातात येते, तोवर ती रक्कम कुठून आणणार याची तजवीज आधी करा.

आता बिघाड धरा. दिवसा वाहिनी (उपकेंद्रातून वीज नेणारी लाइन) बंद पडली की तुमची वीज वाया जाते, साठवता येत नाही. असे ८ टक्के उत्पादन गेले तर अनुदान असताना डीएससीआर १.४७ वर येतो, नसताना १.०८. म्हणून बोली लावण्यापूर्वी त्या उपकेंद्राचा मागच्या बारा महिन्यांचा दिवसाच्या खंडितपणाचा तपशील मागा. उन्हाचे नकाशे सगळे पाहतात, उपकेंद्राची नोंदवही फार थोडे पाहतात. वाहिनी बंद राहिल्यास भरपाई मिळते का आणि किती तासांनंतर, हे करारात वाचा.

बिल उशिरा मिळाले तर? बँका सहसा दोन तिमाही हप्त्यांइतकी रक्कम राखीव ठेवायला लावतात, तुमच्या बाबतीत १३ लाख २० हजार. चार महिने पैसे आले नाहीत तर खर्च आणि हप्ता मिळून ११ लाख ५० हजारांच्या आसपास लागतात, ते त्यातून निभते. सहा महिने थांबले तर १७ लाखांच्या वर लागतात आणि हप्ता चुकतो. खेळत्या भांडवलाची मर्यादा आधीच मंजूर करून घ्या, अडचण आल्यावर ती मिळत नाही. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावे लागतील, त्यासाठीही दरवर्षी रक्कम बाजूला काढा.

वितरण कंपनीने पैसे थकवले तर उत्पादकाला आता कोणते संरक्षण आहे? पुन्हा सरकारी हमी मागायची का?
(सनदी लेखापाल, ठाणे)

सरसकट सरकारी हमीचे दिवस गेले, आणि ते बरे झाले. पहिली पायरी म्हणजे फिरते पतपत्र, सहसा महिन्याच्या सरासरी बिलाइतके. बिल थकले की उत्पादक बँकेकडून थेट पैसे उचलतो आणि वितरण कंपनीने ते पत्र पुन्हा भरून द्यायचे. जून २०२२ मध्ये केंद्राने विलंब आकाराचे, म्हणजे उशिरा भरलेल्या बिलावरच्या जादा आकाराचे, नियम कडक केले. जुनी थकबाकी जास्तीत जास्त ४८ हप्त्यांत फेडण्याची सोय दिली. नवे बिल दिल्यापासून अडीच महिने उलटूनही पैसे आले नाहीत तर वितरण कंपनीच्या बाजारातून अल्प मुदतीची वीज घेण्यावर बंधन येते. बाजारातली वीज अडण्याच्या या धाकाचा परिणाम जास्त झाला, कारण संध्याकाळच्या मागणीला बाजारातली वीज लागतेच.

अशिलाचा करार तपासताना पतपत्राची रक्कम, ते कुठल्या बँकेचे आहे आणि ते वापरल्यानंतर किती दिवसांत पुन्हा भरायचे, या तीन गोष्टी आधी पाहा. पुन्हा भरण्याची मुदत लिहिलेली नसेल तर ते पतपत्र एकदाच उपयोगी पडते.